खिडकीवरची नेमणूक

टिक्.

दुपारच्या शांततेत काचेच्या कपाटाचं कुलूप उघडलं, आणि झोपलेल्या लेकीशेजारी आडवी झालेली आई ताडकन उठून बसली. ते कपाट फक्त रविवारी उघडायचं. रविवारी तिचा नवरा मऊ ब्रश घेऊन आपल्या सैन्याची धूळ झाडत बसायचा. वीतभर उंचीचे सैनिक, कमांडो, वैमानिक आणि मधोमध पदकं लावलेला, सलाम ठोकणारा जनरल. ज्या मायेनं तो त्यांचे कान साफ करायचा, त्या मायेनं त्यानं लेकीचं नाक कधी पुसलं नव्हतं. पण आज गुरुवार होता, आणि स्वारी ऑफिसातून तीन तास आधी घरी आली होती.

"अगं, इथं रणगाड्यामागे एक वायरलेसवाला होता ना?" त्यानं बाहेरून विचारलं.

"कुठला?" कुठला ते पक्कं ठाऊक असलेल्या माणसाच्या आवाजात ती म्हणाली.

एक गुडघा टेकून बसलेला, पाठीवर वायरलेसचं खोकं, एक हात कानाशी. हातात बंदूक नाही, चेहऱ्यावर रुबाब नाही. संच पुरा व्हावा म्हणून तो घरात आला आणि आल्या दिवसापासून रणगाड्यामागे पडला. आठ महिन्यांपूर्वी झोपायच्या खोलीतल्या खिडकीची कडी तुटली. वारा आला की खिडकीचं दार आपटायचं, दार आपटलं की लेक उठायची, आणि लेक उठली की आईच्या हक्काचा दिवसातला एकुलता एक तास बुडायचा. कडी बसवतो, असं नवरा दर रविवारी ब्रश झटकता झटकता म्हणायचा. तिनं कागदाची घडी लावून पाहिली, चप्पल लावून पाहिली, लेकीचा लाकडी ठोकळा लावून पाहिला. शेवटी हा गडी लावला. त्याचा गुडघा, त्याचं खोकं, सगळं फटीत असं चपखल बसलं, जणू त्याची भरती याच कामावर झाली होती. तेव्हापासून तो पडद्यामागे ड्यूटीवर होता. रविवारच्या पस्तीस हजेऱ्या झाल्या, पण एक माणूस कमी आहे हे सरसेनापतींच्या ध्यानात आलं नव्हतं.

आज आलं, त्याला कारण होतं. अर्ध्या तासात संग्राहक मंडळाचे चिटणीस येणार होते. नवऱ्याला मंडळात घ्यायचं की नाही, हे कपाट बघून ठरणार होतं. दोन वर्षं तो या दिवसाची वाट बघत होता. त्यानं पाठवलेल्या यादीत चिटणिसांनी एकाच नावावर खूण केली होती, वायरलेसवाल्याच्या. बंदूक नसलेला सैनिक कुठल्या पोराला हवा असतो? तो खपला नाही म्हणून थोडेच निघाले, आणि थोडेच निघाले म्हणून आता तो कुठं मिळत नव्हता.

"मी पहिल्यापासून म्हणतोय," नवरा म्हणाला, "सगळ्यांत जिवंत तोच आहे."

हे तो पहिल्यांदाच म्हणत होता.

खरं सांगून टाकावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण लेकीनं एकदा कमांडोची टोपी उचलली होती, तेव्हा हा माणूस दोन दिवस घरात बोलला नव्हता. इथं तर अख्खा शिपाई आठ महिने ऊनवारा खात होता. तू दाढी करून घे, मी शोधते, असं म्हणून तिनं त्याला न्हाणीघरात पिटाळलं.

पडद्यामागे हात घालून तिनं वायरलेसवाल्याला सोडवलं, तसं दार हललं. त्याच्या जागी कुणीतरी हवं होतं. ती बाहेर उघड्या कपाटाशी धावली, आणि हाताशी आला तो जनरल. उभा बसेना म्हणून तिनं त्याला आडवा कोंबला. मग उजेडात पाहते तर वायरलेसवाल्याच्या बुटांना लालभडक नेलपॉलिश. लेकीनं कधीतरी प्रेमानं लावलेलं. तिनं रिमूव्हर घेतलं. नेलपॉलिश गेलं, त्याच्याबरोबर बुटांचा काळा रंग गेला, आणि बोट लागलं म्हणून अर्धी मिशीही गेली. न्हाणीघरातला नळ बंद झाला. तिनं त्याला होता तसा रणगाड्यामागे ठेवला.

"इथंच तर आहे की," नवरा गाल पुसत म्हणाला. त्यानं वायरलेसवाल्याला उचलून थेट मधोमध, जनरलच्या जागी बसवलं. जनरल कुठं गेला, हे त्यानं विचारलं नाही.

पिकल्या केसांचे चिटणीस आले. भिंग काढून ते कपाटापुढे वाकले आणि एकेका सैनिकावरून पुढे सरकत वायरलेसवाल्यापाशी थांबले. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"बाकीचे सगळे दुकानातून आले तसे उभे आहेत," चिटणीस म्हणाले. "याच्याकडे बघा. गुडघा झिजलाय, बूट विटलेत, अर्धी मिशी उडालीय, खांदा एका बाजूनं दबलाय. हा माणूस कामावर होता हो. ही कळा कशी आणलीत?"

नवऱ्यानं सैनिकाकडे पाहिलं. इतक्या जवळून तो त्याला पहिल्यांदाच बघत असावा.

"धीर लागतो," तो म्हणाला. "रोज थोडं थोडं."

"शाबास. मंडळाला अशीच माणसं हवीत. वहिनी, यांच्या मेहनतीची तुम्हाला कल्पना नसेल."

तेवढ्यात आत खिडकी धाडकन आपटली. काहीतरी फरशीवरून घरंगळत गेलं. चिटणीस पुन्हा "शाबास" म्हणत नवऱ्याची पाठ थोपटत होते, तेव्हा डोळे चोळत लेक दारात आली. तिच्या एका मुठीत जनरल होता आणि दुसऱ्या मुठीत जनरलचा सलाम ठोकणारा हात.

"आई, याला जमत नाही," ती म्हणाली. "हा नुसता झोपतो."

चिटणिसांचं भिंग हवेतच राहिलं. नवऱ्यानं लेकीच्या मुठीकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग बायकोकडे.

लेकीला आता कपाटातला तिचा गडी दिसला होता. काचेला नाक लावून तिनं त्याला नीट बघून घेतलं, आणि मान वळवून अगदी शांतपणे विचारलं, "आई, खिडकी तर हा धरायचा. मग आजोबा बाबांना शाबास का म्हणाले?"