कानवाला रुपया

या जगात मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर तो आर्णीच्या शेषरावकाकांचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला त्यांचं हसू येईल.

शेषरावकाका बाजारात जाताना खिशात फक्त दहाची नाणी नेतात. आमच्याकडे दुकानदार दहाचं नाणं घेत नाहीत. का घेत नाहीत, हे त्यांनाही माहीत नाही.

"काका, हे चालत नाही न."

"चालत नाही म्हंजे? पाय मोडले का त्याचे?"

"कोणीच घेत नाही, काका."

"यावर काय लिवलं हाय ते वाच. मोठ्यानं वाच."

मग तो बिचारा मिरचीवाला एका हातात तराजू धरून 'सत्यमेव जयते' वाचतो. मागे गिऱ्हाइकं ताटकळतात. शेवटी तो नाणं गल्ल्यात टाकतो आणि काका म्हणतात, "आता कसं चाललं?"

काका माझ्या हायस्कुलात शिपाई होते. मी बी.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा होस्टेलात जागा मिळेना. बापानं शाळा पाहिली नव्हती आणि आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती. निवृत्त झालेल्या काकांनी त्यांची पुढची खोली मला तीन वर्षं दिली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भाडं एकच: रोज जेवणाआधी त्यांच्या नाण्यांच्या पेटीतला एक खण पाठ म्हणून दाखवायचा.

ही पेटी शाळेच्या प्रयोगशाळेची. भंगारात निघालेली काकांनी घरी आणली. तिच्या खणांत पैशाचा सगळा इतिहास आहे, प्रत्येक खणाखाली काकांच्या अक्षरातली चिठ्ठी. पहिल्या खणात मूठभर ज्वारी. "सालदाराले वर्साची ज्वारी भेटे, तोच त्याचा पगार. पैसा इथून सुरू होते." मग कवड्या, सातवाहनांचं काळंठिक्कर शिशाचं नाणं, शिवराई, निजामाचा चारमिनार, राणीछाप रुपया, भोकाचा पैसा, नवा पैसा, पाकळ्यांचे दहा पैसे. शेवटचा खण रिकामा. त्या खणावर त्यांचा फार राग.

"इथं काय ठेवू सांग. आता चहावाल्याकडं टुन वाजते अन् पैसा जाते. टुन ठेवू का खणात?"

त्याहून मोठा राग कानवाल्या रुपयावर. आमच्या भागातल्या बाया चांदीच्या रुपयाला सोनाराकडून कडी बसवून घेत आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. त्या कडीला कान म्हणतात. असं नाणं कोणी आणलं की काका ते हातातही घेत नसत. "रुपयाले कान कायले पाह्यजे? आयकते का तो? कामातून गेला हा. ने वापस." एक म्हातारा एकदा झरीहून दोन गाड्या बदलून असा रुपया घेऊन आला होता. त्याला चहा मिळाला, पण रुपया परत न्यावा लागला. मला त्या दिवशी काकांचा रागच आला होता.

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. आई गावाहून आली आणि गळ्यातल्या दोऱ्यातून एक राणीछाप रुपया काढून काकांपुढे धरला. "भाऊ, तुमाले देयाले दुसरं काई नाही."

रुपयाला चांगला जाडजूड कान होता. मी मान खाली घातली. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. आई दुपारच्या गाडीनं निघून गेली. मग काकांनी खणातला स्वच्छ, बिनकानाचा राणीछाप उचलून डब्यात टाकला आणि आईचा रुपया तिथं ठेवून पाहिला. कानामुळे तो बसेना. काकांनी चाकू घेतला आणि खणाच्या लाकडाला कानाएवढी खाच पाडली. "बसला," एवढंच म्हणाले.

मी यवतमाळला नोकरीला लागलो. यंदा दिवाळीनंतर तिथं नाण्यांचं प्रदर्शन भरलं. निवडलेला संग्रह काचेच्या कपाटात कायमचा राहणार होता, पोरांना पाहता येणार होता. काकांना दुसरं काही नको होतं. "मी गेल्यावर भंगारवाला किलोनं नेईन हे," असं ते कित्येकदा म्हणत.

परीक्षक बाहेरचे होते. काकांनी आणलेली पेटी बघून खूश झाले, मग आईच्या रुपयावर बोट ठेवलं. "हा काढा. हा दागिना आहे, नाणं नाही."

"तो राहीन."

"मग संग्रह पात्र ठरत नाही. सोमवारपर्यंत काढून आणा, घेतो आम्ही."

काकांनी पेटी बंद केली आणि आर्णीची बस धरली. मी संतापलो. ज्या माणसाला एका कडीपलीकडे पेटीतली दोन हजार वर्षं दिसत नाहीत, त्यानं शेषरावकाकांना पात्र-अपात्र ठरवावं? तो राग अजून गेलेला नाही. पण पुढचा मूर्खपणा माझा आहे, तो परीक्षकांवर ढकलता येत नाही.

शनिवारी मी आर्णीला गेलो. काका हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. मी रुपया सोनाराकडे नेला, कान कापून घेतला, जागा घासून घेतली, वर पॉलिशही मारून घेतलं. लखलखीत रुपया खणात ठेवून शिकलेल्या माणसाच्या ऐटीत बसलो.

काकांनी पेटी उघडली. मिरचीवाल्यावर ओरडणारा माणूस ओरडला नाही.

"कोणं केलं?"

"मी, काका. आता पात्र होईल."

बराच वेळ ते खाचेवर अंगठा फिरवत राहिले. "शाळेत सारी उमर घंटा वाजवली मी. कोणी निरोपाचा हार घातला, कोणी नारळ देल्ला. सोताच्या गळ्यातलं काढून मले कोणं देल्लं, त् तुह्या मायनं." मग म्हणाले, "जाय तू आता."

सोमवार गेला. पेटी घरीच राहिली. काका माझा फोन उचलत नाहीत. म्हणून हे पत्र पाठवलं:

"ती. शेषरावकाका, सप्रेम जयभीम.

कान परत मिळेल का ते विचारायला सोनाराकडे गेलो होतो. त्यानं तो त्याच दिवशी मोडीत आटवला. दुसरा बसवू का म्हणाला. मी नको म्हटलं.

आईला सगळं सांगितलं. तिला वाटत होतं, तुम्ही तो रुपया तेव्हाच कुठंतरी ठेवून दिला असेल. तुम्ही चांगला रुपया काढून तिचा ठेवला आणि लाकूड कोरलं, हे ऐकून ती म्हणाली, 'मले काहून नाही सांगतलं तू?' मग माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. रविवारी ती खाच पाहायला येते म्हणते. मी दाराबाहेर थांबेन.

एक मागणं आहे. तुमच्या प्रत्येक खणाखाली तुमच्या अक्षरात एक चिठ्ठी असते. या खणाखालची चिठ्ठी मला लिहू द्या. मी असं लिहीन: राणीछाप रुपया, चांदी. सुभद्राबाईनं गळ्यातून काढून दिला. कान तिच्या शिकलेल्या मुलानं कापला.

आपला,
विलास"