डेकाट्यांच्या पसंतीचं सॉफ्टवेअर

नागपूरच्या उन्हात माणसं डोक्याला दुपट्टा बांधतात. डेकाटे लॅपटॉपला बांधतात. स्वतःचं टक्कल उघडं, आणि लॅपटॉपच्या पिशवीत वरून एक कांदा.

"मशीनले बी लू लागते, गणपतभाऊ," ते सांगतात.

डेकाटे माझे शेजारी. सरकारी कचेरीतून बाबू म्हणून रिटायर झाले. मी सावनेरकडच्या कोळसा खाणीत होतो. चौथीत शाळा सोडली, त्याची मला लाज नाही. हे मीच लिहितो आहे, कोणाकडून लिहवून घेतलेलं नाही.

वहिनी गेल्या आणि डेकाट्यांनी स्वतःची वेबसाइट काढायचं मनावर घेतलं. साइट बनवायला सॉफ्टवेअर लागतं म्हणे, आणि ती शेकड्यानं मिळतात. मुलासाठी मुली पाहाव्यात तसे डेकाटे एकेक पाहत सुटले. सकाळी माझ्या फाटकाशी येऊन नवं नाव सांगायचे, संध्याकाळी नापसंती कळवायचे. नापसंतीचा शब्द ठरलेला: "जीव नाही याच्यात."

एका सॉफ्टवेअरनं विचारलं, तुमचा धंदा कोणता? हॉटेल, सलून की योगा क्लास? डेकाटे भडकले. "माणूस नुसता असू शकत नाही का गा?"

दुसऱ्यानं तयार पान दिलं. त्यावर गोऱ्या लोकांचं कुटुंब हिरवा पाला खात दात दाखवत बसलेलं. "हे कोन होय? माह्या घरात काहून हसून राहिले?" त्यांना हाकलता येईना, म्हणून सॉफ्टवेअरच हाकललं.

मी म्हटलं, "काय गा डेकाटे, तुमची पसंती होईपर्यंत यमराज दारात येऊन बसन."

"बसू द्या. पोहे खाऊ घालू. पण साइट वर्षश्राद्धाच्या आत झाली पाहिजे. पाहुण्यायले दाखवाची आहे."

मला वाटायचं, म्हाताऱ्याला रिकामपण चढलं.

एका दुपारी लाइट गेली तेव्हा ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. दुपट्टा सोडून त्यांनी लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला. पानावर एकच फोटो होता. वहिनी गच्चीवर बसलेल्या, समोर जुनं लुगडं पसरलेलं, हात मुगाच्या डाळीनं भरलेले. वर लिहिलं होतं, कैलासवासी सुशीला डेकाटे. खाली एक ओळ. मी बोट ठेवून वाचली.

सुशीला गच्चीवर मूगवड्या टाकून राहिली.

"आता पाहा," डेकाटे म्हणाले. त्यांनी कुठलंसं बटण दाबलं. ओळीखाली लाल रेघ आली आणि बघता बघता शब्द बदलले. सुशीला गच्चीवर मूगवड्या टाकत होती.

"सगळे असेच करते गा. मी 'राहिली' लिहितो, हे 'होती' करते."

आमच्याकडे 'टाकून राहिली' म्हणजे आत्ता, या घडीला टाकते आहे. मशीन आमच्याकडची नाही, तिला काय कळणार?

मी ओळीवरचं बोट उचललं.

पुढच्या आठवड्यात डेकाटे फाटक न वाजवताच आत आले. एक साधं, गरीब सॉफ्टवेअर सापडलं होतं. लिहिलं तसं ठेवायचं, शहाणपण शिकवायचं नाही. "याच्यात जीव आहे, गणपतभाऊ!" साइट उघडली. पुण्याला त्यांची मुलगी असते, मीनू. तिला त्यांनी पासवर्ड कळवला, फोटो आणखी टाक म्हणून.

संध्याकाळी मीनूचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. ती मोठ्यानं बोलते.

"बाबा, ती ओळ चुकली होती. मी 'टाकत होती' केली. आई गेली नं बाबा. लोक काय म्हणतील?"

डेकाटे म्हणाले, "हो बेटा. बरं केलं."

फोन ठेवला आणि त्यांनी पूर्ण साइटच पुसून टाकली. आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, सांगितलं, तेही सॉफ्टवेअर बेकार निघालं.

वर्षश्राद्ध झालं. पिंड ठेवला, कावळा येईना. जन्मभर वहिनींच्या वड्यांवरचे कावळे काठीनं हाकलणारा माणूस हात जोडून "या, या" करत उभा होता. शेवटी मीच म्हटलं, "डेकाटे, तुमची दहशत आहे त्यायले." ते हसले नाहीत. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. पाहुणे जेवले, गेले. मीनूही गेली. साइट कोणी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी डेकाटे फाटकाशी हजर. दुपट्टा, कांदा, टक्कल.

"नवीन पाहून राहिलो, गणपतभाऊ."

मी टोमणा ओठावर आणला होता. मी तो गिळणाऱ्यातला नाही. पण त्यांच्यामागे त्यांची गच्ची दिसत होती, आणि वर्षानुवर्षं कंपाउंडच्या भिंतीवरून विचारायचो तेच तोंडून निघालं.

"वहिनी काय करून राहिली?"

डेकाट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप माझ्या भिंतीवर ठेवला.

"वड्या टाकून राहिली," ते म्हणाले. "कावळे हाकलाले बोलावून राहिली मले."

आणि गच्चीकडे पाहत ते निघाले. जाताना त्यांच्या ओट्याच्या कोपऱ्यातली काठी घ्यायला विसरले नाहीत.