कडेचा दिवा

आमच्या गावच्या वामनभाऊंच्या मोटारसायकलला दोन दिवे होते. एक सगळ्यांसारखा समोर. दुसरा डावीकडे, थेट जंगलात पाहणारा.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. भाऊ ब्रह्मपुरीच्या एका धानगिरणीत मिस्त्री होते. घरी एकटेच. गिरणी बंद करून रात्री गावाकडे निघत. तो दुसरा दिवा त्यांनी घुग्घुसच्या भंगारातून आणला होता, कोळशाच्या ट्रकचा, ताटाएवढा. लावला त्या दिवशी दोन्ही दिवे विडीच्या टोकासारखे लाल पडले. गाडीची बॅटरी पुरेना. मग भाऊंनी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी सागाच्या पेटीत घालून उजवीकडे बांधली. गाडी उजवीकडे कलू लागली. तेव्हा डावीकडे जात्याचा अर्धा दगड बांधला. आता गाडी सायकलच्या वेगाने चाले, पण झाडाचं पान न पान दिसे.

कोणी हसलं की भाऊंचं वाक्य ठरलेलं. "समोरचं त कोनीबी पाह्यते. कडेचं कोन पाहीन?"

फाट्यापासून गाव सहा किलोमीटर, सगळं जंगल. लांबून हा उजेड रस्त्यावर नाही, झाडांच्या आत सरकताना दिसे. लोक म्हणत, चकवा आहे, वाट चुकवून रात्रभर फिरवतो. तो दिसला की सदरा उलटा घालून खाली बसायचं, असं म्हातारे सांगत. ती भाऊंची गाडी आहे हे दिवसा सगळ्यांना माहीत होतं. रात्री कोणी तेवढं ठामपणे बोलत नसे.

मीही नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असल्या गोष्टी मी मानत नाही असं मित्रांना सांगत असे. हिवाळ्यात एकदा शेवटच्या बसने मला फाट्यावर उतरवलं. चालत निघालो. सागाचं एक पान गळलं तरी मागे कोणी पाऊल टाकल्यासारखं वाटे. तेवढ्यात उजेड आला. एकेक झाड उजळायचं आणि विझायचं. लांब दोन हिरवे डोळे पेटले आणि मिटले. मी सदरा काढला, उलटा घातला आणि पळसामागे बसलो.

उजेड माझ्यावरून गेला. थांबला. मग हळूहळू मागे आला. भाऊ गाडी पायांनी मागे रेटत होते.

"कोन हाये थो?"

"मी मधू. चिंधूचा पोरगा."

"शर्ट काऊन उलटा घातला?"

मी घाईने सदरा सुलटा करू लागलो.

"कॉलेजात हेच शिकवते काय बे? बस मांगं."

थोडं पुढे गेल्यावर भाऊ म्हणाले, "मी शोधून राह्यलो, अन् लोकं लपून राह्यले."

"कोनाले शोधता, भाऊ?"

भाऊंनी गाडी आणखी हळू केली.

नाल्यावरच्या रपट्याशी, त्या बुटक्या पुलाशी, गाडी थांबली. दिव्याचा उजेड एका मोहाच्या झाडाखाली पडला. तिथे कोणी नव्हतं. बुंध्याजवळचं गवत मात्र कापून साफ केलेलं होतं.

"मधू, थोडा समोर सरक."

"काऊन?"

"सरक न, बाबू."

मी सरकलो. माणूस चढून बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ भाऊ थांबले, मग क्लच अगदी हळू सोडला. माझ्या पाठीला थंड हवा लागत होती, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो. पुढे प्रत्येक खड्ड्यात त्यांनी गाडी जपून उतरवली. आपल्या घरापुढे पुन्हा तेवढाच वेळ थांबले, आणि मग मला घरी सोडलं.

सकाळी आईने सांगितलं, मी लहान असतानाची गोष्ट. भाऊंची बायको, इंदूबाई, माहेरून एकटी येत होती. अंगात ताप. बस उशिरा पोचली, म्हणून फाट्यावरून चालत निघाली. भाऊ गाडी घेऊन शोधायला गेले. रात्रभरात रपट्यावरून चारदा गेले-आले. तेव्हा गाडीला एकच दिवा, त्याचा उजेड समोरच्या रस्त्यावर पडत होता. ती कडेला, मोहाखाली होती. सकाळी गुराख्याला दिसली.

"हाक माराची ताकतच नसन राह्यली तिले," आई म्हणाली.

मी गावात सांगून पाहिलं की दिवा दिसला तर लपू नका. कॉलेजात जाऊन पोरगं बिघडलं, असं ठरलं.

मग मी अधूनमधून मुद्दाम शेवटच्या बसने येऊ लागलो. सदरा सुलटा ठेवून कडेला उभा राहत असे, दिवा अंगावर येईपर्यंत. रपट्याशी भाऊंनी सांगायच्या आत समोर सरकत असे. एकदा मागे ठेवलेली पुस्तकांची पिशवीही उचलून मांडीवर घेतली.

भाऊंनी ते पाहिलं असावं. क्लच सोडण्याआधी, मान न वळवता, त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "बसली न बराबर?"

मी मागे पाहिलं नाही.

"बसली, भाऊ," मी म्हणालो.