छपराचं माप

माझं माप चुकत नाही! हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी दात काढणार नाही. एकतीस वर्षं लेडीज टेलर आहे मी. बाई दुकानाची पायरी चढत असतानाच मला तिचा खांदा, कंबर, लांबी सगळं कळलेलं असतं. टेप लावतो तो फक्त तिच्या समाधानासाठी. आणि दुसरी गोष्ट, मी रागीट आहे ही निव्वळ अफवा आहे. माणसं रागावण्यासारखी वागतात, त्याला मी काय करणार?

आता गाडीचंच घ्या. गाडी काही मी मजा मारायला घेतली नव्हती. आमच्या हिची पाठ सहा वर्षांपूर्वी गेली. अर्धा तास बसली की अशी कळ येते की आडवं पडल्याशिवाय इलाज नाही. म्हणजे बस बंद, रेल्वे बंद, सगळंच बंद. आणि हिची थोरली बहीण राहते अकरा तासांवर! ताई म्हणजे जेमतेम साडेचार फुटांचं माणूस, पण हिला आईच्या जागी. सहा वर्षांत दोघींची भेट नाही, नुसते फोन. मागच्या महिन्यात ताई फोनवर म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, उरलीसुरली नजरही जाणार. आता कडेकडेचंच दिसतं. तू दिसतेस तोवर येऊन जा गं."

ही फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. मला इतका संताप आला! डॉक्टरचा, त्या पाठीचा, अकरा तासांच्या त्या रस्त्याचा! तिथल्या तिथे मी ठरवून टाकलं. गाडी घ्यायची, आत पलंग टाकायचा, हिला झोपवून न्यायचं आणि ताईसमोर नेऊन उभी करायची. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार!

एका बेकरीची जुनी व्हॅन मिळाली. आत अजून पावाचा वास येत होता. ती घेऊन आम्ही गाड्यांची कामं करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. मी, ही, आणि न बोलावता आलेला माझा मेव्हणा.

मिस्त्रीनं गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "साहेब, छप्पर कुठलं टाकायचं?"

"म्हणजे? आहे की छप्पर!"

"ते ठेंगणं आहे. आत माणूस वाकूनच चालणार. दोन प्रकार येतात. एक, फायबरचा उंच टप. एकदा बसवला की बसवला. दुसरं, उचलायचं छप्पर. गाडी चालताना खाली, थांबलात की आतून वर ढकलायचं. मग चारी बाजूंना जाड कापड ताणलं जातं."

कापड! खरं सांगतो, माझे कानच टवकारले. चारी बाजूंना कापड, त्याला खिडक्या, खिडक्यांना चेन, कडेला दुहेरी शिलाई! मी मनातल्या मनात बेतून, कापून, शिवूनसुद्धा टाकलं. तोंड उघडणार, एवढ्यात मेव्हणा बोलला.

"भाऊजी, डोळे मिटून उचलायचं छप्पर घ्या! उंच टपाला वारा लागतो. गाडी डुलते."

हा हिचा धाकटा भाऊ. जगात त्याला कळत नाही असं काही नाही. आमच्या लग्नात भर मांडवात त्यानं मला सांगितलं होतं, भाऊजी, कोटाची डावी बाही आखूड आहे. मी स्वतः शिवलेला कोट! अठ्ठावीस वर्षं झाली, मी विसरलेलो नाही.

"उंच टप!" मी ओरडलो.

"अहो भाऊजी, पण..."

"टप म्हणजे टप! कापडातून पाणी झिरपतं! कापडाचं मला सांगू नकोस!"

"अहो, मी काय म्हणते..." ही म्हणाली.

"तू थांब गं! तुझ्यासाठीच चाललंय ना हे! तुला वाकता येत नाही. तुला ताठ उभं राहता आलं पाहिजे. राहशील! माझ्या गाडीत तू ताठ उभी राहशील!"

घरी आल्यावर तिनं पुन्हा विषय काढला. "अहो, छपराचं मरो, मला एवढंच..." मी म्हटलं, "भावाची वकिली करू नकोस!" तिसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. मला वाटलं, पटलं तिला.

मग मी छपराचा आकडा काढला. ही पाच फूट पाच. पण कुठलाही टेलर अंगाबरोबर कापत नाही, आत मार्जिन सोडतो. उद्या माणूस जाड होतं, कापड आटतं. म्हणून मी चार इंच जास्त धरले आणि कागद मिस्त्रीच्या हातात दिला.

पलंगाचं माप मिस्त्रीनं नंतर फोनवर विचारलं. तेव्हा दुकानात एक बाई माझ्यापुढे बाही नाचवत होती आणि मी तिला सांगत होतो की बाही घट्ट नाहीये, दंड वाढलाय! त्या गदारोळात फोन वाजला.

"साहेब, पलंगाची लांबी?"

मी मापांची वही ओढली, हिचं पान काढलं. "लांबी चौपन्न!"

"चौपन्न इंच? नक्की ना साहेब? नाही, जरा..."

"मिस्त्री! एकतीस वर्षं मापं घेतोय मी! तू मला माप शिकवणार?"

"बरं, बरं. चौपन्न," म्हणाला आणि फोन ठेवला.

ठरलेल्या रविवारी सकाळी सहाला आम्ही तिघे मिस्त्रीच्या दारात हजर. हिनं ताईला सांगून ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत पोचते. मिस्त्रीनं शटर उघडलं. आत आमची गाडी उभी! पांढरीशुभ्र, वर उंच टप, खिडक्यांना मी शिवलेले पडदे. माझा ऊर भरून आला. मी चालकाच्या जागी बसलो, किल्ली फिरवली, गाडी पुढे घेतली आणि वरून असा आवाज आला की समोरच्या सलूनमधला न्हावी वस्तरा घेऊन बाहेर धावला.

छप्पर शटरच्या चौकटीला अडकलं होतं!

"मिस्त्री!!"

"साहेब, मी काय करू? तुमच्या कागदाप्रमाणे शटरखाली चांगली दोन इंच जागा उरत होती!"

"मग ती गेली कुठे?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "फायबर कडेनं थोडं खाली बसतं, म्हणून दोन इंच मी वाढवले."

"तरी बरोबर बसायला हवं होतं!"

"आणि दोन इंच..." त्यानं मेव्हण्याकडे बघितलं.

मेव्हणा म्हणाला, "पंख्यासाठी! वर पंखा नको? उकडणार नाही का माणसाला? म्हटलं, भाऊजींच्या लक्षात येणार नाही, आपणच सांगून ठेवावं."

ज्यानं त्यानं आपलं मार्जिन सोडलं होतं! कापड जास्त झालं तर आत दुमडता येतं. फायबर कुठे दुमडू? तुम्हीच सांगा!

"छप्पर उतरवायला किती वेळ लागेल?"

"अख्खा दिवस जाईल साहेब."

ही फुटपाथवर उशी पोटाशी धरून उभी होती. तिनं घड्याळाकडे बघितलं आणि एक हात कमरेवर ठेवला. मला ते बघवेना.

मग चाकांची हवा कमी केली. गाडी एक इंच खाली बसली. अजून एक इंच हवा होता. मिस्त्री म्हणाला, "आत वजन टाका!" मिस्त्रीची चार माणसं आत बसली. न्हावी बसला. त्याच्या मागोमाग त्याचं गिऱ्हाईकही बसलं, गळ्यात कापड, अर्ध्या गालाला फेस. पेपर टाकणारा सायकल भिंतीला लावून बसला. पलंगावर, कपाटापुढे, खालच्या फळीवर, माणसंच माणसं! तरी छप्पर बोटभर अडत होतं.

आणि बाहेर हाताची घडी घालून उभा होता मेव्हणा. वजन शंभर किलो, वर थोडं मार्जिन.

मी दात आवळून म्हटलं, "बस आत."

"काय म्हणालात भाऊजी?"

"बस म्हटलं!"

"नीट सांगा की! रागावून काय सांगता?"

"बसा! मेव्हणेराव, कृपा करा आणि बसा!!"

तो बसला. गाडी हुं करून खाली गेली. छपरावर लांबलचक ओरखडा काढत, करकरत, आम्ही एकदाचे बाहेर पडलो! न्हाव्यानं टाळ्या वाजवल्या. आतून मेव्हण्याचा आवाज आला, "उचलायचं छप्पर असतं तर..." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

माणसं उतरली, चाकांत हवा भरली. ही चढली. तास-दीड तास उभं राहून तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी ऐटीत म्हटलं, "बघ! वर बघ! कशी ताठ उभी आहेस! डोक्यावर अजून वीतभर जागा आहे!"

ती पलंगावर आडवी झाली. पाय सरळ केले. मग आतून तिचा आवाज आला.

"अहो, डोकं कुठे ठेवू?"

मी आत डोकावलो. पाय पलंगाच्या एका टोकाला अगदी बरोबर टेकले होते. खांदे दुसऱ्या टोकाला अगदी बरोबर टेकले होते. मान आणि डोकं हवेत!

आम्हा टेलर लोकांच्या वहीत लांबी लिहितात ती खांद्यापासून टाचेपर्यंत. गाउन खांद्यावरून सुटतो, डोक्यावरून नाही! एकतीस वर्षांत मी कुठल्याही बाईचं डोकं म्हणून मापात धरलेलं नाही.

"म्हणूनच विचारलं होतं, नक्की का," मिस्त्री म्हणाला. "म्हटलं, लहान मूल असेल. उरलेल्या जागेत कपाट ठोकून टाकलं."

"मग जोरात विचारायचं होतं ना!"

"जोरात तुम्ही होता ना साहेब."

कपाट काढायचं तर दोन दिवस! मी मिस्त्रीवर तुटून पडणार होतो, मेव्हण्यावर पडणार होतो, न्हाव्यालाही सोडणार नव्हतो. तेवढ्यात ही उठून बसली.

"दोन दिवस नाहीत," ती म्हणाली. "ताई सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसली असेल. आणि मला गाडीत उभं राहायचंच कुठे होतं? गाडीत मी आडवी पडणार. मला उभं राहायचंय ते ताईच्या दारात. महिनाभर हेच सांगत होते की छपराचं मरो, पलंग तेवढा नीट करा. बोलू दिलंत?"

न्हाव्याचं गिऱ्हाईकसुद्धा मान खाली घालून उभं होतं. मला राग आला होता, पण तो टाकायला माणूस सापडेना.

पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एक माणूस कसाबसा मावेल एवढी फट होती. मी मिस्त्रीचं एक खोकं तिथे उलटं टाकलं, त्यावर बसलो, मांडीवर उशी घेतली आणि तिला म्हटलं, "ठेव." तिनं डोकं ठेवलं. बरोबर पलंगाच्या उंचीला आलं.

म्हणजे गाडी चालवणार कोण? मी खिशातून किल्ली काढली आणि मेव्हण्यापुढे धरली. त्या प्रसंगाचं वर्णन मी करणार नाही.

अकरा तास! अकरा तास तो बोलत होता. छपरांचे प्रकार, वाऱ्याची दिशा, टपाचे तोटे! वारा खरंच लागत होता, गाडी खरंच डुलत होती, आणि दर डुलण्याला तो आरशातून माझ्याकडे बघत होता. दहादा माझ्या जिभेवर शिवी आली. पण ओरडलो असतो तर पोट हललं असतं, पोट हललं असतं तर उशी हलली असती, आणि हिला झोप लागली होती. पाय बधिर झाले, पाठ मोडली, मी गिळत राहिलो. गिळलेल्या रागानं पोट भरतं हे मला त्या दिवशी कळलं.

दिवेलागणीला पोचलो. ताई दारातच होती, खुर्ची टाकून. ही उतरली आणि तिच्यासमोर ताठ उभी राहिली. ताईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि स्वतःची मान तिरकी केली, कारण कडेनंच दिसत होतं ना तिला. तशीच तिरकी बघत राहिली बराच वेळ.

"केस पिकले की गं तुझे," ताई म्हणाली.

"दिसले तुला?" असं म्हणून ही रडायला लागली. मीही रडलो असतो, पण शेजारी मेव्हणा रडत होता, म्हणून आवरलं.

मग ताईला गाडी बघायची हौस आली. आम्ही तिला आत चढवलं. ती हातानं चाचपत पलंगापर्यंत गेली आणि आडवी झाली. टाचा एका टोकाला, डोकं दुसऱ्या टोकाला, इंचाचाही फरक नाही!

"अगं बाई!" ताई खूश होऊन म्हणाली. "अगदी माझ्या मापाचा पलंग! जावईबापू, माझं माप न घेता कसं जमवलंत हो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा खाकरला.

"माझं माप चुकत नाही, ताई."

ही गाडीच्या दारात उभी होती. तिनं नुसती उशी माझ्या हातात दिली. परतीचा रस्ताही अकरा तासांचाच आहे.