इनासकाकांचा जॉइंट रिटर्न

इनासकाकांनी आयुष्यात अमेरिकेत पाऊल ठेवलेलं नाही, पण तिथल्या एका गावाच्या नगरपालिकेला त्यांच्याइतकं छळणारा माणूस खुद्द त्या गावातही नसेल.

ड्यूटी संपवून काका दोह्याजवळ अल वक्राला, आमच्या बिल्डिंगमध्ये आले, चहा झाला, की गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. तिकडे तेव्हा सकाळ होऊन ऑफिसं उघडलेली असतात. मग आमच्या अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू होतं, "गुड मॉर्निंग डोरिसबाई! स्नो स्टिल देअर! सेम स्ट्रीट. माय वाइफ हाऊ विल गो?" ही डोरिस म्हणजे नगरपालिकेतली कारकून. बिचारी आता हॅलोवरून त्यांना ओळखते. इकडे खाली पोरं फुटबॉल खेळतायत, बर्फ म्हणाल तर काकांच्या फ्रीजमध्येसुद्धा नाही, आणि हा बाबा तावातावाने विचारतोय की रस्त्यावरचा बर्फ वितळायला मीठ का नाही टाकलं!

त्यांना तो रस्ता दिसतो मोबाइलवर. बायकोच्या दाराच्या बेलमध्ये कॅमेरा आहे, तो यांनीच इथून पाठवलाय. कचऱ्याची गाडी किती वाजता आली, पोस्टमनने पार्सल पायरीवर नीट ठेवलं की फेकलं, सगळ्यावर साहेबांची नजर.

"काका, तुमचा काय संबंध?" मी एकदा न राहवून विचारलं.

"संबंध? टॅक्स भरतो मी तिथे, फुकट नाय बोलत!"

आता टॅक्स या शब्दाशी काकांचं काय नातं आहे ते सांगायला हवं. इथे कतारात पगारावर टॅक्स नाही. आम्ही सगळे त्याच कौतुकाने आलो आणि त्याच कौतुकाने राहिलो. काका मात्र आमच्याकडे कीव येऊन बघतात. चर्चमधल्या मित्रांमध्ये कुणी वसईच्या खड्ड्यांचा विषय काढला की हे म्हणणार, "आमच्याकडेपण काय सुख नाय. थंडीत आमच्याकडे रस्ते बंद असतात." हे 'आमच्याकडे' म्हणजे न पाहिलेलं गाव. मी त्यांना सांगून दमले की तुमचा टॅक्स वॉशिंग्टनला जातो, गल्लीतल्या बर्फाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तर म्हणतात, "सरकार एकच ना? झिरपत येईल खाली."

काकांची बायको कॅरोल, अमेरिकन. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स होती, काका तिथलेच एसी आणि जनरेटर सांभाळायचे. दोघं पन्नाशीला टेकलेले, आणि एक दिवस लग्न करून मोकळे! वसईपासून दोह्यापर्यंत सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. पुढे कॅरोलची आई अंथरुणाला खिळली, म्हणून ती माहेरी गेली. "मागोमाग आलोच," म्हणाले काका, ते अजून इथेच. व्हिसाची फाइल तिकडे सरकतेय म्हणतात. एक कागद दिला की दुसरा मागतात.

मी शबाना, मूळची रत्नागिरीची, दोह्याच्या मुशैरिब भागात एका कंपनीचे हिशेब बघते. त्यामुळे दर फेब्रुवारीत काका माझ्या डायनिंग टेबलावर कागदांची पिशवी आणि वसईहून मागवलेली सुकेळी घेऊन हजर. सुकेळी ही माझी फी. त्या वाळवलेल्या केळ्यांपायी मी अमेरिकेचा टॅक्स शिकले.

आणि शिकले तेव्हा कपाळाला हात लावला. कॅरोलने एकटीचा वेगळा रिटर्न भरला, तर काकांना अमेरिकेत एक पैसा लागत नाही. ते तिथे राहत नाहीत, तिथे कमवत नाहीत. पण दोघांचा एकत्र, जॉइंट भरायचा तर परदेशी नवऱ्याला स्वतःहून लिहून द्यावं लागतं, की टॅक्सपुरतं मला तुमच्याच देशातला रहिवासी धरा. एकदा धरलं की जगभरची कमाई त्यांच्यापुढे. पगार सवलतीत बराचसा सुटतो, पण वसईच्या घराचं भाडं, बँकेतल्या ठेवींचं व्याज सगळं त्यांना दाखवायचं. परदेशातल्या कमाईच्या ठेवी म्हणून त्या व्याजाला भारत हात लावत नाही, कतार हात लावत नाही, आणि हा माणूस ते उचलून अमेरिकेच्या दारात नेऊन ठेवतो! मी हिशेब करून दाखवला. दोघांना मिळणारी सूट धरूनसुद्धा तोटाच.

"जॉइंट म्हंजे जॉइंट," काका म्हणाले आणि माझ्याच पुढ्यातलं सुकेळं उचलून खाल्लं.

असं चार वर्षं चाललं. या वर्षी मात्र कॅरोलचाच फोन आला मला. काकांची साठी झाली, एप्रिलअखेर नोकरी खलास. तिचं म्हणणं असं, की आता पगार बंद होणार, तर हे नसते टॅक्स कशाला? तू त्याला समजाव. मलाही पटलं. नियम एवढाच होता, की 'रहिवासी धरा' हे एकदा मागे घेतलं की त्या जोडप्याला पुन्हा कधीच तसं लिहून देता येत नाही. मी म्हटलं, बरंच झालं, पीडा कायमची टळेल. मागे घेण्याचं पत्र टाइप केलं, छापलं, आणि शुक्रवारी काकांना बोलावलं. फोनवर कॅरोल होतीच, स्पीकर लावून.

काकांनी पत्र वाचलं. पेन उघडलं. पुन्हा वाचलं.

"हे परत नाय करता येत?"

"नाही. पण कशाला करायचंय परत? काका, हट्ट सोडा आता. डोरिसबाई पेढे वाटेल!"

काका हसले नाहीत. मला वाटलं, चिडले. मी आणखी काहीतरी चेष्टा करणार होते, तेवढ्यात ते हळू आवाजात बोलायला लागले.

"नोकरी गेली की इथला राहायचा आयडी गेला. कतार म्हणणार, यल्ला, निघा. वसईत माझ्या घरात भाडेकरूची पोरं खेळतात. व्हिसावाले म्हणतात, थांबा. सगळ्या जगात ह्या टॅक्सवाल्यांनी तेवढं म्हटलं, की हा माणूस इथला, हा कॅरोलच्या घरी राहतो. पैसे घेतात, पण म्हणतात ना? आणि तेपण मी माझ्या हाताने पुसू, शबाना?"

या अल्ला! चार वर्षं या माणसाला मी आकडे दाखवत होते. व्याज, भाडं, तोटा. माझी मलाच लाज वाटली.

"व्हॉट डिड ही से?" फोनमधून कॅरोल विचारत होती. काका मान हलवून मला 'नको, नको' करत होते. मी कसली ऐकतेय! वाक्यावाक्याचं इंग्रजी करून तिला सांगितलं. काका टेबलावरच्या सुकेळ्यावर गुंडाळलेलं वाळकं पान घडी घालून पुन्हा उलगडत बसले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मला वाटायचं," कॅरोल इंग्रजीत म्हणाली, "त्याला फक्त भांडायला आवडतं. शबाना, ते पत्र फाडून टाक."

मी फाडलं. चार तुकडे केले आणि वर चहाचा कप ठेवला, न जाणो, कुणाचं मन फिरायचं. लॅपटॉप ओढून जॉइंट रिटर्न उघडला. माझी पद्धत अशी, की सगळा मजकूर एकदा ज्याचा त्याच्या तोंडून वदवून घ्यायचा. नाव झालं, जन्मतारीख झाली.

"घरचा पत्ता?" मी विचारलं.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली होती, पण काकांनी तिकडे पाहिलं नाही. घराचा नंबर, रस्ता, गाव, राज्य, पिनकोड, सगळं त्यांनी सांगितलं. कुठे अडखळले नाहीत, घाईही केली नाही. रिक्षावाल्याला आपण आपलं घर सांगतो तसं.

"बरोबर?" मी फोनमध्ये विचारलं.

"येस," कॅरोल म्हणाली. "तिथेच राहतो आम्ही."