बगळा स्वेच्छेने निघून जाईपर्यंत

"साहेब, अभयारण्यात बगळ्याला मासे धरायचा परवाना लागतो का?"

हा प्रश्न माझा एकटीचा नाही, तो मागच्या बाकाचा सामुदायिक आहे. विचारून दाखव, नाहीतर तू भित्री, असं मैत्रिणींनी फर्मावलं. या वर्षी भित्री राहायचं नाही असं माझं ठरलेलं होतं, म्हणून मी उठले आणि विचारला. खाडीकाठच्या अभयारण्याचे साहेब शाळेत व्याख्यानाला आले होते. अख्खा वर्ग खिदळला. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मुद्दा गंभीर आहे. वर कळवावा लागेल."

'वर' म्हणजे नक्की कुठे, हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नाही. तिथून खाली येणारी वस्तू मात्र नेहमी आपल्याच डोक्यावर पडते.

या वेळी ती बाबांच्या डोक्यावर पडली. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि संध्याकाळी दुकान बंद करून गळ घेऊन काठावर जायचं, एवढंच त्यांचं ऐश्वर्य. काठालगत सूर्य बुडेपर्यंत गळ टाकायला परवानाधारकांना मुभा होती. आमच्या काठाची रीत अशी, की पहिला मासा बगळ्याचा. तो मागे भिरकावायचा, पुढचे आपले. त्यामुळे प्रत्येक गळवाल्यामागे एकेक बगळा ठरलेला. बाबांच्या बगळ्याला आम्ही 'तपासनीस' म्हणायचो, कारण तो काही न करता नजर ठेवायचा आणि हिस्सा घेऊन जायचा.

यथावकाश माझ्या प्रश्नाचं उत्तर फलकाच्या रूपाने काठावर उगवलं. बगळ्यास परवाना लागत नाही. तथापि परवानाधारक व बिनपरवाना मासेमारांतील संघर्ष टाळण्यासाठी पक्ष्यांना खाऊ घालू नये. पक्ष्याने मासा धरल्यास पक्षी स्वेच्छेने निघून जाईपर्यंत मासेमाराने स्तब्ध उभे राहावे. हालचाल आढळल्यास परवाना रद्द.

त्या संध्याकाळी मी बाबांसोबत होते. पहिला मासा लागला. बाबांनी फलकाकडे पाहिलं, तपासनिसाकडे पाहिलं आणि मान खाली घालून मासा टोपलीत टाकला. तपासनिसाने फलक वाचलेला नव्हता. दुसरा मासा पाण्याबाहेर लोंबकळताच त्याने पुढे होऊन शेपटी चोचीत धरली.

शिट्टी वाजली. ती मामाची होती. माझा सख्खा मामा अभयारण्यात रखवालदार आहे, आणि बाबांनी आणलेल्या माशांचा आमच्या घरातला सगळ्यात मोठा चाहताही.

"दाजी, हलू नका."

"अरे, मासा माझा आहे."

"मासा तुमचाच. पण बगळा सरकारी आहे."

मग मामाने पडेल आवाजात एकेक वाट बंद करत आणली. मासा ओढला तर संघर्ष. सोडून दिला तर खाऊ घालणं. गळ खाली टाकला तर कचरा. बाबा उभे राहिले. तपासनीसही चिवट, तोही उभा राहिला. बाबांच्या नाकावर डास बसला. मामा म्हणाला, मारला असता हो, पण तोही अभयारण्यातलाच.

तेवढ्यात साहेब सूर्यास्तदर्शनाचे पाहुणे घेऊन आले. एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला बगळा, मधे मासा, मागे लाल आकाश. पाहुणे हरखले, फोटोंचा पाऊस पडला. एक बाई गहिवरून म्हणाली, किती सुंदर सहजीवन. फ्लॅशला घाबरून तपासनीस मासा टाकून उडाला तो पुन्हा आलाच नाही. फोटो मात्र सगळीकडे पोचला.

झालं. वरून आदेश आला, की हे सहजीवन रोज व्हावं. गळ धोकादायक म्हणून काढण्यात आला. मासा रबराचा देण्यात आला. खरा बगळा रबराला भुलेना, म्हणून प्लास्टरचा बसवण्यात आला. पाहुण्यांच्या शांततेचा भंग होतो म्हणून खरी मासेमारी तूर्त स्थगित. ज्या चिखलात बगळे चरायचे तिथे वाहनतळ झाला. आता बाबा रोज संध्याकाळी गवती टोपी घालून 'पारंपरिक मच्छीमार' म्हणून स्तब्ध उभे राहतात. गैरहजर राहिले तर परवाना जाईल, आणि स्थगिती उठेल तेव्हा तो हातात असायला हवा, एवढ्याच आशेवर. पाहुण्यांच्या उपाहारगृहात मात्र मासे मिळतात. ते शहरातून बर्फात येतात.

तुम्ही तो फोटो पाहिलाच असेल. त्याखाली आवडल्याचा अंगठाही दाबला असेल. पुढच्या सुट्टीत यायचा बेतही असेल, जरूर या.

काल बाबा घरी आले ते खांदे चोळत. आई त्यांच्या पाठीला तेल लावत होती. मामा ताटातल्या भेंडीकडे परक्यासारखा बघत होता. मी तिघांसमोर उभी राहिले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. सोमवारी साहेब पुन्हा शाळेत येतायत."

"तू तोंड उघडायचं नाहीस," आई म्हणाली.

"उघडणार. स्तब्ध उभं राहायचा नियम पाहुण्यांनाही लागू आहे का, एवढंच विचारणार. साहेब चष्मा पुसतील, वर कळवतील. मग बगळा स्वेच्छेने निघून जाईपर्यंत कुणीच हलायचं नाही. तो प्लास्टरचा आहे, हे मी नाही सांगणार."