मामांच्या डोक्यातला थोरला

माझे सासरे स्वतःच्या डोक्याशी भांडतात. मी भाकरी थापत असते आणि माजघरातून आवाज येतो, "बस की बे थोरल्या, किती नाचशील?" तिथं दुसरं कुणी नसतं.

हा थोरला म्हणजे मेंदूतलं एक प्रथिन. मामांना कंपवात झाला, डावा हात हलायला लागला, तेव्हा अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. मामांनी ते जसंच्या तसं सिरसाळ्याला आमच्या किराणा दुकानात आणलं. आता गिऱ्हाइकानं साबण मागितला तरी आधी तेच मिळतं.

"सिन्यूक्लिन हे घराणं. अल्फा, बीटा, गॅमा, तिघं सख्खे भाऊ. तुझ्याबी डोक्यात हायती. थोरला नीट वागला तर लई कामाचा. बिघडला की गोळा होऊन बसतो अन् शेजाऱ्यापाजाऱ्याचं वाटोळं करतो. मधला आवरतो त्याला, पण किती आवरंल?"

"अन् धाकटा?"

"त्याचं डॉक्टरबी जास्त बोलले न्हाईत."

"बरं आप्पा, साबण द्या आता."

मी चौथी शिकलेली, पण हे खानदान मला माझ्या माहेरापेक्षा जास्त पाठ झालंय.

खरा वैताग सकाळचा. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय मामा तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत. गोळी घेतली की हात थांबतो. हात थांबल्याशिवाय पूजा नाही. पूजेशिवाय गोळी नाही. भाकरी वाळून पापड होते.

"आप्पा, उजव्या हातावर घ्या," आमचे हे म्हणाले.

"उद्या पायावर घ्या म्हणशील."

मी धरू का म्हटलं, तर, "तू चूल बघ."

परवा ऊन चुलीपर्यंत आलं तरी मामा तसेच बसलेले. लिंग हातावर घ्यायचे, हात उडायचा, परत वस्त्रात ठेवायचे. शेवटी हळूच म्हणाले, "सूनबाई, हात दे."

लग्नापासून त्यांच्यासमोर माझा डोक्यावरचा पदर ढळला नाही, हाताला हात कुठला लागणार? मी हात धुऊन आले आणि त्यांच्या तळहाताखाली माझा तळहात धरला. त्यांनी लिंग ठेवलं. दोन्ही हात मिळून हलायला लागले.

"तुझा हात कावून थरथरतोय?"

"भेव वाटतंय, मामा," मी म्हणाले.

"भिऊ नको. मी हाय न्हवं. पडू देत न्हाई."

असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. उजव्या हातानं माझं मनगट मात्र घट्ट धरून ठेवलं होतं.